चोवीस इंचांचा पीळ

रविवार, १ नोव्हेंबर १९८७

रोशनबाईंची रायफल अखेर ताब्यात आली. तहसील कचेरीत पाच फेऱ्या झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. पण आता ती आमच्या नेमबाजी मंडळाच्या परवान्यावर चढली आहे.

रोशनबाई ईराणी म्हणजे बोर्डी रस्त्यावरच्या चिकूवाडीच्या मालकीण. वय सत्तरच्या पुढे, यजमान जाऊन सहा वर्षं झाली. रायफल देताना एवढंच म्हणाल्या, "मास्तर, तू घेऊन जा तिला. कपाटात उभी राहून माझ्याकडे बघत बसते."

मंडळात कागदावर नऊ सभासद आहेत, येतो तिघेच. मी सचिव. डहाणू स्टेशनात तिकीट खिडकीवर बसणारा समर्थ. आणि माझी बायको प्रभा, जी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे आणि जिचे आकडे सुवाच्य असल्यामुळे गुण लिहायला येते.

२४ जानेवारीला गुजरातकडच्या मंडळाशी सामना आहे. दोघा-दोघांचा संघ, प्रत्येकी दहा गोळ्या, शंभर गुण. गेल्या वर्षी मी एकोणीस गुण मिळवले. दुसऱ्या दिवशी तलासरीच्या आमच्या शाळेत वर्गात शिरलो तर फळ्यावर कुणीतरी भला मोठा '१९' काढून ठेवला होता. मी तो पुसला नाही. खाली 'ही मूळ संख्या आहे' असं लिहिलं आणि त्यावरच तास घेतला. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

दोष मंडळाच्या जुन्या रायफलीचा होता असं माझं मत आहे. समर्थ त्याच रायफलीने पंच्याऐंशी मारतो, पण तो रेल्वेतला माणूस. त्यांना जुन्या सामानाची सवय असते.

रविवार, ८ नोव्हेंबर

उधव्याच्या गाडीने वेवजीला गेलो. गवसणीतल्या दोन रायफली पाहून कंडक्टरने विचारलं, "आत काय?" मी परवाना काढेपर्यंत प्रभा म्हणाली, "हार्मोनियमचे पाय." तो हसला आणि पुढे गेला. मी तिला समज दिली. परवाना असताना खोटं कशाला?

वेवजीला बंद पडलेली दगडाची खाण आहे. मागे चाळीस फुटांचा सरळ कडा, त्यामुळे गोळी कुठे जाण्याची भीती नाही. जवळच्या पाड्यातली नवशी रविवारी रोजाने येते. पन्नास मीटरवर कागद लावते, मातीच्या बांधाआड बसते आणि शिट्टी झाली की बाहेर येऊन कागद आणते.

मी नव्या रायफलीने दहा गोळ्या झाडल्या. कागदावर चार. नवशी कागद नाकाजवळ धरून आली.

"मास्तर, तुमच्या गोल्या आडव्या झोपून येतात."

पाहिलं तर खरंच, भोकं गोल नव्हती. लांबट, चपटी, चिकूच्या बीसारखी. मी तिला समजावलं की दमट हवेत कागद असा फाटतो. तिने समर्थचा कागद माझ्या कागदाशेजारी धरला. दहा गोल भोकं.

"याचा कागद उन्हात वाळवलेला काय?" तिने विचारलं.

या लोकांना शास्त्र समजावून सांगणं कठीण.

गाडीला वेळ होता म्हणून प्रभाने समर्थच्या रायफलीने पाच गोळ्या मारून पाहिल्या. पन्नासपैकी एक्केचाळीस. नवख्याला नशीब साथ देतं ते असं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

परवाही तसंच. दहात तीन, तिन्ही आडव्या. चहा सोडला आहे. श्वास रोखण्याचा सराव शिक्षकखोलीत केला तेव्हा मुख्याध्यापकांनी पाणी मागवलं. चष्म्याचा नंबर तपासला, तो तोच आहे. वाईट वाटलं. बदलला असता तर बरं झालं असतं.

रविवार, २२ नोव्हेंबर

आजचा दिवस फार चांगला गेला. समर्थ म्हणाला, "सर, एकदा अदलाबदल करून बघू या का?" त्याने रोशनबाईंची रायफल घेतली आणि त्याच्याही दहातल्या सहाच कागदावर लागल्या. सगळ्या आडव्या! मला इतका आनंद झाला की मी नाक्यावर दोन वडे जास्त खाल्ले. (चहाही घेतला. आता सोडण्याचं कारण उरलं नाही.)

जुन्या रायफलीने मी सत्तावीस मारले. भोकं गोल होती, पण लांब लांब पसरलेली. त्याचं विशेष नाही, लक्ष आनंदात होतं.

मग पद्धतशीर तपास केला. नळीतून आभाळ पाहिलं. आतले आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा, लख्ख आहेत. कागद दहा पावलांवर लावला तर भोक गोलच. पंचवीस मीटरवर अंडाकृती. पन्नासवर चिकूची बी. म्हणजे गोळी नळीतून सरळ निघते आणि वाटेत लोळते.

नवशीचा नवरा बाबल्या तिची भाकर घेऊन आला होता. तो तीर-कामठा बनवतो. तिन्ही कागद पाहून म्हणाला, "तीराचं पातं जड केलं तर पीसपण मोठं लावाय लागतं. नायतर तो असाच लोलतो."

मी त्याला सांगितलं, "बाबा रे, बंदुकीच्या गोळीला पीस नसतं."

"मंग सरल कशानं जाते ती?"

एवढ्यात गाडी आली. परतताना प्रभा आशागडपर्यंत कपाळाला हात लावून तिन्ही कागद बघत होती. उन्हाने डोकं दुखत असावं.

बुधवार, २५ नोव्हेंबर

जेवताना प्रभा म्हणाली, "अहो, गोळीला पीस नसतं, तर मग काय असतं?"

असा प्रश्न बायकोने विचारावा याचा शिक्षकाला किती आनंद होतो! मी वाटीतला आवळा फिरवून दाखवला. भोवरा जोरात फिरतो तोवर उभा, मंदावला की कलंडतो. तसंच गोळीचं. नळीतले आटे पिळासारखे वळत गेलेले असतात, त्यामुळे गोळी फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते.

"उंच भोवऱ्याला जास्त जोर लागतो ना?"

"अर्थात."

"मग आपल्या नळीचा पीळ आपल्या गोळीला पुरतो का?"

"सगळ्या पॉइंट टू-टू रायफलींचा पीळ सारखाच असतो."

"मोजलाय?"

मी पानावरून उठलो. हात धुताना मला एकदम एक कल्पना सुचली : नळीचा पीळ प्रत्यक्ष मोजून पाहावा! प्रभाला सांगितलं. ती म्हणाली, "वा. छान सुचलं."

रविवार, २९ नोव्हेंबर

मोजलं. कृती लिहून ठेवतो. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली. नळी साफ करायच्या गजाला घट्ट बसेल असं फडकं गुंडाळलं आणि गज आत सरकवला. फडकं आट्यांत अडकतं, त्यामुळे गज ढकलला की मूठ आपोआप फिरते. मुठीवर लाल दोरा बांधला. दोरा वरून खाली आला की अर्धी गिरकी. तेवढ्यात गज किती इंच आत गेला ते प्रभाने शिवणाच्या फितीने मोजलं.

समर्थची रायफल : अर्धी गिरकी आठ इंचांत. म्हणजे पूर्ण गिरकी सोळा इंचांत. पुस्तकात असाच आकडा आहे.

रोशनबाईंची : अर्धी गिरकी बारा इंचांत. पूर्ण चोवीस!

तीनदा मोजलं. चोवीसच. म्हणजे समर्थची गोळी दीड फुटाच्या आत एक फेरा घेते, माझी दोन फुटांत एक. माझी गोळी रमतगमत निघते. आमच्या गोळ्या चाळीस ग्रेन वजनाच्या. गोळीची जाडी नळीने ठरवलेली, तेव्हा वजन वाढवायचं तर गोळी लांबच करावी लागते, आणि लांब गोळीला गिरक्या जास्त लागतात. या नळीला हलकी, आखूड गोळी हवी. 'शॉर्ट' नावाची एकोणतीस ग्रेनची येते.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सिद्ध झालं!" प्रभा फीत गुंडाळत म्हणाली, "बाबल्याला सांगायला हवं." त्याचा यात काय संबंध ते कळलं नाही, पण सांगीन.

एक कोडं राहिलं. शॉर्टसाठी केलेल्या नळीत आमची लांब गोळी बसते कशी?

रविवार, ६ डिसेंबर

कोडं सोडवायला प्रभाला घेऊन रोशनबाईंकडे गेलो. त्यांनी मावा केक आणि चहा दिला. रायफलीचा इतिहास विचारला तर आधी बोलायला तयार नव्हत्या.

"काय करणार तू ते जाणून? मुंबईच्या एका मेळ्यात नेमबाजीचा तंबू होता. टिनची बदकं फिरायची, ती पाडायची. बेहरामने एका संध्याकाळी सगळी बदकं पाडली. मालक म्हणाला, शेठ, माझं दुकान बंद करशील, ही बंदूकच तू घेऊन जा. तेव्हा आमचं नवीन लग्न होतं."

"मग?"

"मग वाडीत तो देठावरून चिकू पाडायचा. दोन वर्षांनी एका दुकानदाराने सांगितलं, गोळी बसते ती आतली जागा वाढवून देतो, मोठी गोळी चालेल, जोर वाढेल. वाढवून घेतली. पुढल्याच महिन्यात जिमखान्यात मॅच. सगळा गाव बघायला. दहा गोळ्या, एक पण लागली नाही. लोक हसले. त्याचा सख्खा भाऊ हसला."

मी खुर्चीच्या कडेला सरकलो.

"त्यानंतर बंदूक कपाटात. बेहराम म्हणायचा, रोशन, माझा हात हलतो. पाहुणे आले की चहाला हात लावायचा नाही, कप हलेल म्हणून. तीस वर्षं! मी बघत होते, हात हलत नव्हता. पण बायकोचं कोण ऐकतं?"

मी टाळी वाजवली. "बाई, हात कशाला हलेल! तीच गोम आहे! दुकानदाराने जागा वाढवली, पण पीळ कसा वाढवणार? पीळ तोच राहिला, चोवीस इंच! लांब गोळी त्या नळीतून सरळ जाणंच शक्य नव्हतं. जगातला सर्वांत मोठा नेमबाज आणा, त्याचीही आडवीच गेली असती!" मी कागदावर आकृतीही काढून दाखवली.

आकृती निम्मी झाली असताना रोशनबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने प्रभाही गेली. मी केक खात बसलो. अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या, डोळे लाल. आत कांदे चिरत असाव्यात. एवढ्या वयात तांत्रिक विषय झेपत नाहीत हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं.

निघताना त्यांनी ती अर्धी आकृती मागून घेतली.

शनिवार, १९ डिसेंबर

शॉर्ट गोळ्यांसाठी तीन दुकानदारांना इंग्रजीत पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर नाही. आज प्रभा म्हणाली, सुरतेच्या एका परवानाधारक दुकानदाराकडे सहा डबे पडून आहेत, कुणी घेत नाही म्हणून तो कंटाळलाय, समर्थ रीतसर कागद घेऊन उद्या आणेल. एक्स्चेंजमध्ये बसून तिने फावल्या वेळात मुंबई ते अहमदाबाद सगळी दुकानं पालथी घातली म्हणे. माझ्या पत्रांची उत्तरं का आली नाहीत हे पोस्टखात्याला विचारलं पाहिजे.

रविवार, २७ डिसेंबर

गोल!

समर्थने रोशनबाईंची रायफल घेऊन दहा शॉर्ट मारल्या. शिट्टी झाली आणि नवशी बांधाआडून कागद डोक्यावर धरून धावत आली. "उभ्या आल्या, मास्तर! सगल्या उभ्या!" दहा गोल भोकं, एका बशीत मावतील एवढ्या जागेत. एकोणनव्वद गुण. बाबल्याने भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पातं हलकं केलं म्हना की." मी म्हणालो, "तसंच काहीसं." मग विचार केला आणि म्हणालो, "तसंच."

नंतर मी झाडल्या. बत्तीस.

थंडीने बोटं आखडली होती. प्रभाचे शहाऐंशी आले. तिची बोटं एक्स्चेंजमध्ये प्लगा घालून घालून गरम राहत असावीत.

रविवार, १० जानेवारी १९८८

लिहू नये असं वाटतं, पण वहीशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

रोशनबाई त्यांच्या जुन्या फियाटमधून खाणीवर आल्या. सोबत आरामखुर्ची, छत्री, थर्मास. प्रभाच्या दहा गोळ्या पाहिल्या, नव्वद. मग माझ्या पाहिल्या. अडतीस. नवशीने कागद आणून दिला तेव्हा वर पाहिलंसुद्धा नाही.

रोशनबाईंनी दोन्ही कागद मांडीवर ठेवून चष्म्यातून नीट बघितले.

"मास्तर, बेहरामचा हात चांगला होता."

"होय बाई. सिद्धच झालंय."

"तुझा नाही."

समर्थ एकदम रायफल पुसू लागला. पुसलेलीच होती.

"वाईट वाटून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "तू मला जे दिलं ते नेमबाज माणूस देऊ शकला नसता. त्याने दुसरी बंदूक घेतली असती आणि विसरला असता." मग प्रभाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "हा मी घेऊन जाते. बेहरामच्या फोटोशेजारी लावणार. त्याच्या बंदुकीचा आहे."

गाडीत खिडकीशी बसलो. रायफल निर्दोष. गोळ्या निर्दोष. जुनी रायफलही बहुधा पहिल्यापासून निर्दोष होती. आरोपी एकच उरतो.

शुक्रवार, १५ जानेवारी

सामन्याची यादी उद्या पाठवायची आहे. 'समर्थ' लिहिलं. त्याखाली स्वतःचं नाव, 'श्यामकांत' लिहिलं. अक्षर सुरेख आलं. चहा प्यालो. मग वही काढून नोव्हेंबरपासूनची पानं वाचली. एक्केचाळीस, शहाऐंशी, नव्वद. कुठे नशीब, कुठे गरम बोटं. मी चौदा वर्षं मुलांना सांगतो, निरीक्षण आधी लिहा, अनुमान नंतर. आणि स्वतः मात्र...

श्यामकांत खोडून प्रभा लिहिलं. ती भाजी निवडत होती. कागद पुढे केला.

"हे काय?"

"निरीक्षण."

तिने वाचलं. "अहो, शाळेत विचारतील."

"विचारू देत."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा गेला वाटतं?"

"मोजून बघ," मी म्हणालो.

ती हसली, पण कागद परत दिला नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग तुम्ही काय करणार त्या दिवशी?"

"गोळ्या देईन."

रविवार, २४ जानेवारी

सविस्तर लिहितो, कारण एक गोष्ट मी स्वतः पाहिली नाही.

रोशनबाई फियाटमधून आणि गुजरातची मंडळी जीपमधून खाणीवर आली. त्यांचे कप्तान पांड्याभाई गोलमटोल, हसतमुख, सगळ्यांना फाफडा वाटत फिरणारे. पहिली जोडी समर्थ आणि त्यांचा एक गडी. समर्थ दडपणाखाली एक्क्याऐंशीवर अडकला, त्यांचे अठ्ठ्याऐंशी.

मग प्रभा आणि पांड्याभाई. दहा गोळ्यांना दहा मिनिटं. प्रभा रोशनबाईंची रायफल घेऊन सतरंजीवर पालथी पडली. मी तिच्या उजव्या हाताशी गुडघे टेकून बसलो आणि गोळ्यांसाठी हात मागे नेला तर डबे नाहीत! पांड्याभाईंनी सगळ्यांच्या सोयीसाठी टेबलावरचे सगळे डबे एका ताटात ओतले होते. त्यांच्या लांब, आमच्या लांब, आमच्या शॉर्ट. चिवड्यासारखं.

"पांड्याभाई, हे काय केलंत!"

"अरे मास्तरसाहेब, एक ज तो छे! कोई पण चालशे!"

"नाही चालणार! हिला नाही चालणार!"

शिट्टी झाली. मी ताट ओढून मांडीवर घेतलं. शॉर्ट आणि लांब यांत फरक नखाएवढा, आणि लांबच जास्त होत्या. चुकून एक गेली असती तर ती कागदाला लागेलच असं नव्हतं. मी एकेक उचलून अंगठ्याच्या नखाला लावायचो, आखूड निघाली की पुन्हा तपासायचो आणि प्रभाच्या तळहातावर ठेवायचो. माझ्या कपाळाचा घाम ताटात पडत होता. प्रभाने दहातल्या एकाही गोळीकडे पाहिलं नाही. डोळा नेमावर, हात मागे. मी ठेवीन ती गोळी ती भरत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकल्याचं आठवत नाही.

दहाही गोळ्या शॉर्ट होत्या. दहाही लागल्या. चौऱ्याण्णव.

पांड्याभाईंचे नव्वद. ते एकशे अठ्ठ्याहत्तर, आम्ही एकशे पंच्याहत्तर. तीन गुणांनी हरलो. समर्थ रडवेला झाला. त्याला फाफडा दिला.

मी ताटातल्या गोळ्या वेगळ्या करत बसलो होतो, तेवढ्यात पांड्याभाई शेजारी येऊन बसले. "साहेब, तुम्ही नखाने काय बघता होता?" मी चोवीस इंच, सोळा इंच, सगळं सांगितलं. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांच्या घरची एक जुनी रायफल जीपमध्ये होती, तीही आडव्याच गोळ्या टाकते म्हणे. आत्ताच्या आत्ता मोजा, म्हणाले. मी गज घेतला, घाईत फडकं जरा जास्त गुंडाळलं, आणि गज नळीत अडकला. एका बाजूने मी ओढतोय, दुसऱ्या बाजूने पांड्याभाई. कड्याकडून जोरात टाळ्या ऐकू आल्या.

"काय झालं?" मी ओरडलो.

नवशी धावत आली. "मास्तर, तिकडं कप दिला!"

"कुणाला?"

"तुमच्या बायकोला. सगल्यात भारी नेम म्हनून. रोशनबाईनं दिला, स्वतः उभी राहून. तुम्ही हिकडं कशाला ओढाताण करत बसलात?"

गज निघाला तेव्हा मंडळी पांगली होती. पूर्ण गिरकी चोवीस इंचांत, पांड्याभाईंचीही तीच गत. त्यांनी मला मिठी मारली. पण मी कप देताना पाहिला नाही.

घरी पोचलो, दिवे लागायची वेळ झाली होती. प्रभाने कप टेबलावर ठेवला आणि खडीवर खरचटलेल्या कोपरांना हळद लावत बसली. मी म्हणालो, "उठ जरा."

"कशाला?"

"दाराशी जाऊन उभी राहा. मी नाव पुकारतो, मग ये."

"अहो, वेड लागलंय का?"

"मी बघितलंच नाही ना."

तिने हळदीची वाटी बाजूला ठेवली. मग उठली, पदर सारखा केला, पिवळ्या कोपरांनिशी दाराशी जाऊन उभी राहिली. मी घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात तिचं पूर्ण नाव पुकारलं. ती आली. मी कप दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला आणि मान झुकवली. मी टाळ्या वाजवल्या, इतक्या की शेजारच्या काकू ओट्यावरून विचारत्या झाल्या, "मास्तर, काय झालं हो?"

"प्रभा पहिली आली!" मी ओरडून सांगितलं.